पर्नाम्बुकोचा बो: काठीला पाच स्टार, चिठ्ठीला शून्य

आधी काठीबद्दल सांगते, कारण बहुतेकांना तेवढंच हवं असतं. बो, म्हणजे व्हायोलिन वाजवायचा गज, चांगला आहे. अष्टकोनी काठी, आबनूसचा फ्रॉग (मुठीकडचा, केस ताणून धरणारा ठोकळा), वजन साठ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे व्हायोलिनच्या बोचं असावं तेवढंच, आणि बॅलन्स इतका नीट की टोकापाशी पोचल्यावर मुद्दाम जोर द्यावा लागत नाही. लांब गज ओढला तरी आवाज मधेच बारीक होत नाही, बाउन्सही मस्त येतो, काठी स्वतःहून उसळते आणि परत तारेवर येऊन बसते. बोचे केस ठीकठाक, सुरुवातीला रोझिन (केसांना लावायची राळ) जरा जास्तच खातात. स्क्रू जाम होता, मेण लावल्यावर सुटला. एवढंच वाचायचं असेल तर घ्या, वाजवायला मजा येईल.

आता चिठ्ठी. म्हणजे बोसोबत येतं ते 'सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी', सोनेरी बॉर्डरवालं. दुकानाचं नाव घेत नाही, ऑनलाइन घेतलाय एवढं पुरे. तर साइटवर लिहिलेलं 'जेन्युइन ब्राझीलवुड', डब्यावर छापलेलं 'पर्नाम्बुको', आणि सर्टिफिकेटवर शास्त्रीय नाव म्हणून 'सिसाल्पिनिया ब्रासिलिएन्सिस', तेही तिरप्या अक्षरात म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की कुणीतरी अभ्यास केलाय. चॅटवर विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम सगळं एकच आहे, फक्त नावं वेगवेगळी."

नाही हो दादा, एकच नाहीये.

बोच्या धंद्यात पर्नाम्बुको म्हणजे एका ठरावीक झाडाच्या गाभ्याचं लाकूड. हे झाड फक्त ब्राझीलमध्ये, तेही अटलांटिक किनाऱ्यालगतच्या जंगलात, रिओ ग्रांदे दो नॉर्ते पासून रिओ दि जानेरोपर्यंतच्या पट्ट्यात आपणहून उगवतं, दुसरीकडे कुठेच नाही. तिकडे त्याला पाउ-ब्राझील म्हणतात, १९७८ साली कायदा करून त्याला राष्ट्रीय वृक्ष केलंय, आणि देशाचं नावच या लाकडावरून पडलंय. पॅरिसच्या फ्रान्स्वा तूर्तने अठराव्या शतकाच्या शेवटी बोचा आजचा आकार पक्का केला तो याच लाकडात, आणि तेव्हापासून चांगला बो म्हणजे पर्नाम्बुको हे समीकरण काही सुटलेलं नाही. कारण साधं आहे, लाकूड घट्ट, जड आणि तरी लवचिक, गरम करून एकदा बाक दिला की तो वर्षानुवर्षं टिकतो.

'ब्राझीलवुड' मात्र दुकानदारांच्या भाषेत बऱ्याचदा काहीतरी वेगळंच असतं. स्टुडंट बोवर हे लेबल लावतात तेव्हा आत पुष्कळदा मासारान्दुबा निघतं, म्हणजे मॅनिलकारा, चिकूच्या वंशातलं झाड! वाईट लाकूड नाही, शिकायला चालतं, पण त्याचं आणि पर्नाम्बुकोचं कुळसुद्धा एक नाही, एक चिकूच्या कुळातलं तर दुसरं शेंगावाल्या कुळातलं. म्हणजे साइटवरच्या नावाने आणि डब्यावरच्या नावाने मी दोन वेगळ्या वस्तू घेतल्या होत्या, बो मात्र एकच आला.

आणि सर्टिफिकेटवरचं नाव तर या दोघांपेक्षा भारी. सिसाल्पिनिया ब्रासिलिएन्सिस हे नाव खरं आहे, वनस्पतींना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या खुद्द लिनियसचं, १७५३ चं. फक्त ते ब्राझीलच्या झाडाचं नाही! ते झाड कॅरिबियन बेटांवरचं. प्ल्युमिए नावाचा फ्रेंच साधू तिकडे वनस्पती गोळा करत फिरला, त्याने चेझाल्पिनो या इटालियन वैद्याच्या नावावरून वंशाला नाव दिलं, आणि त्याच्या कामावरून लिनियसने पुढे जातीचं नाव ठेवताना 'ब्राझीलचं' असं ठेवून दिलं. नियम असा की एकदा रीतसर छापलेलं नाव भूगोल चुकला म्हणून बदलता येत नाही. त्यामुळे गेली पावणेतीनशे वर्षं एक कॅरिबियन झाड ब्राझीलच्या नावाने फिरतंय आणि सर्टिफिकेट छापणारे लोक त्याला बरोब्बर फसतायत.

खऱ्या ब्राझीलच्या झाडाला शास्त्रीय नाव दिलं लामार्कने, हो तोच, उत्क्रांतीच्या धड्यातला जिराफवाला. १७८५ साली त्याने ते सिसाल्पिनिया एकिनाटा म्हणून नोंदवलं. एकिनाटा म्हणजे काटेरी, शेंगेचा फोटो बघितलात तर हे नाव का ते लगेच कळेल, चपटी शेंग आणि तिच्यावर सगळीकडे काटे. मधे श्प्रेंगेल नावाच्या जर्मन माणसाने ते गिलँडिना वंशात टाकून बघितलं, ते काही चाललं नाही. लामार्कचं नाव सव्वादोनशे वर्षांहून जास्त टिकलं. जुन्या बोंच्या कागदांवर, म्युझियमच्या लेबलांवर, सरकारी फॉर्मवर तुम्हाला हेच दिसेल आणि ते चूक नाही, जुनं आहे. माझ्या सर्टिफिकेटवर हे असतं तर मी एक शब्द बोलले नसते.

पण सिसाल्पिनिया हा वंश म्हणजे अडगळीची खोली झाला होता. जगभरच्या गरम प्रदेशातली काटेरी, पिवळ्या फुलांची, शेंगांची झाडं आणि वेली, जे कुठे बसेना ते तिथे. रंगारी आणि वैद्य ज्याला पतंग म्हणतात ते आशियातलं लाल लाकूडही तिथेच होतं, आणि गंमत म्हणजे युरोपात 'ब्राझील' हे नाव आधी त्या पतंगाच्या लाकडालाच होतं, १५०० नंतर पोर्तुगीजांना अटलांटिकपलीकडे तसंच लाल लाकूड सापडलं आणि नाव तिकडे चिकटलं. तर ही खोली शेवटी आवरली २०१६ साली. एडलीन गॅन्यों आणि सहकाऱ्यांनी, त्यात लंडनच्या क्यू गार्डनचे ग्विलिम लुईसही होते, डीएनए आणि फुलं-शेंगा-काटे सगळं तपासून या पसाऱ्याचे २६ वंश केले. पतंग गेलं बिआन्सिया वंशात. आणि पाउ-ब्राझील? ते कुणाबरोबरच बसेना. मग त्याच्यासाठी गॅन्यों, लुईस आणि रिओच्या बोटॅनिकल गार्डनचे आरोल्दो द लिमा यांनी नवा वंश केला, पाउब्रासिलिया, आणि त्यात जात एकच ठेवली. म्हणून आज पूर्ण नाव पाउब्रासिलिया एकिनाटा. पुढे लेखकांची नावं लिहितात त्यात लामार्क कंसात येतो, म्हणजे जात पहिल्यांदा नोंदवली त्याने, नवीन वंशात हलवली पुढच्यांनी. मला ही कंसाची पद्धत फार आवडते, एका ओळीत सगळा इतिहास.

मग 'सिसाल्पिनिया' हे नाव कुणाकडे राहिलं? वंश फोडला की मूळ नाव त्या वंशाच्या नमुना-जातीबरोबर (ज्या जातीला वंशाचं नाव बांधलेलं असतं तिच्याबरोबर) जातं, आणि इथे नमुना-जात कोण, तर तीच, कॅरिबियन ब्रासिलिएन्सिस. म्हणजे खरं ब्राझीलचं झाड वंशातून बाहेर पडलं आणि नावापुरतं ब्राझीलचं असलेलं झाड घरात राहिलं. दुकानाच्या सर्टिफिकेटनुसार माझा बो या दुसऱ्या झाडाचा आहे. ते झाड बो करायला कुणी वापरतं असं मी तरी ऐकलेलं नाही.

हे सगळं शोधायला पैसे पडत नाहीत हेही सांगते. क्यूची 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' ही साइट आहे, नाव टाकलं की आत्ताचं मान्य नाव, पहिल्यांदा कुठे छापलं, जुनी नावं आणि नकाशा सगळं येतं. ब्राझीलच्या झाडांसाठी 'फ्लोरा ए फुंगा दो ब्राझील' त्याहून खोलात जाते, पोर्तुगीज आहे पण भाषांतराचं बटण दाबा. सर्टिफिकेट छापायच्या आधी कुणी दोन मिनिटं बघितलं असतं तरी पुरलं असतं.

आता कुणी म्हणेल, बो वाजतोय ना, मग नावाचं एवढं काय. तर एवढं, की या झाडाचा कायदा नावावर चालतो. तोडून तोडून हे झाड संपत आलंय, आधी लाल रंगासाठी, मग जंगल साफ करून शेती आणि शहरं, आणि वरून बो. २००७ मध्ये ते सायटीस, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेलं, पण तेव्हा नियम फक्त ओंडके, कापलेलं लाकूड आणि अर्धवट केलेल्या काठ्यांना होता, तयार बो मोकळा. मग काय, तयार बो म्हणून बाहेर काढा. २०२२ च्या पनामाच्या बैठकीत हे बदललं, २०२३ पासून ब्राझीलमधून पहिल्यांदा बाहेर जाणाऱ्या तयार बोलाही परवाना लागतो, पुढे एका देशातून दुसऱ्या देशात तयार बो नेण्याला तेव्हा त्यात सूट ठेवली होती. परवाना देणारी तिकडची संस्था इबामा. तिने आणि फेडरल पोलिसांनी बेकायदा पाउ-ब्राझीलवर धाडी घातल्यात त्या बोचं लाकूड विकणाऱ्यांवरच. म्हणजे सर्टिफिकेटवर चुकीचं नाव असेल तर दोनच अर्थ निघतात, एकतर विकणाऱ्याला काय विकतोय ते माहीत नाही, नाहीतर चांगलंच माहीत आहे. माझ्या केसमध्ये पहिलं असावं. त्यांनी दुसऱ्या लाकडाच्या एका स्वस्त बोलासुद्धा 'इपे, टॅबेबुइया' लिहिलंय, त्या इपेच्या जाती २००७ पासून हँड्रोअँथस वंशात आहेत, आणि त्याही आता सायटीसमध्ये आल्यात, नोव्हेंबर २०२४ पासून. तिथे करारवाल्यांनी शहाणपणा केला आणि जुना-नवा दोन्ही वंश यादीत टाकले, नाहीतर लोकांनी जुन्या नावाने लाकूड काढलंच असतं.

मग माझ्या हातात आहे ते नक्की काय? काठीला पानं नसतात, फुलं नसतात, शेंग नसते, म्हणजे ज्यावरून झाड ओळखतात ते सगळं आधीच गेलेलं. त्यातून या झाडाची पानंसुद्धा एकसारखी नाहीत, बारीक पर्णिकांची, मध्यम आणि मोठ्या पर्णिकांची अशी वेगवेगळी रूपं आहेत, तिकडचे लोक त्यांना सताप, कॉफी आणि संत्र्याच्या पानाचं पाउ-ब्राझील म्हणतात, डीएनएतही फरक दिसलेत, तरी सध्या सगळी एकाच जातीत. असो. घरी करता येण्यासारखी एकच गोष्ट आहे ती केली. फ्रॉग काढला, त्याच्या खाली काठीचा जो भाग झाकलेला असतो तिथे पॉलिश नसतं, तिथून सुईच्या टोकाने चिमूटभरही नाही इतका भुसा खरवडला आणि पांढऱ्या बशीत पाण्याच्या थेंबात टाकला. आधी फिकट केशरी. मग किंचित खायचा सोडा घातला तर कडेकडेने गुलाबी होत होत चांगला लालभडक. हे ब्राझिलीन, याच रंगासाठी युरोपने त्या किनाऱ्यावर जहाजं पाठवली होती, अल्कलीत ते लाल होतं आणि लिंबू पिळलं तर परत पिवळट. मासारान्दुबात हे द्रव्य नसतं. पतंगातही ते असतं त्यामुळे हा काही पक्का पुरावा नाही, पक्कं करायचं तर लाकडाचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघणारा माणूस हवा, आणि हा प्रयोग महागड्या जुन्या बोवर तर अजिबात करू नका, व्हॅल्यू जाईल.

एकूण माझा अंदाज, काठी खऱ्या पर्नाम्बुकोची आहे. आवाजही तेच सांगतो. पण अंदाजासाठी मी एवढे पैसे मोजले नव्हते. तुम्ही घेणार असाल तर दुकानाला तीन गोष्टी लेखी मागा: पाउब्रासिलिया एकिनाटा हे नाव (सिसाल्पिनिया एकिनाटा लिहिलं तरी चालेल), लाकूड कोणत्या वर्षी ब्राझीलमधून बाहेर आलं, आणि त्याचा कागद. 'ब्राझीलवुड' एवढंच उत्तर आलं तर स्टुडंट बोची किंमत द्या, त्याच्या वर नाही. आणि कार्बन फायबरचा पर्याय हसण्यावारी नेऊ नका, आताचे चांगले निघतात, त्यांना परवानेही लागत नाहीत.

पॅकिंग उत्तम होतं, डिलिव्हरी वेळेवर. मी हे सगळं थोडक्यात दुकानाला मेल केलं, त्यांनी आभार मानले आणि खरंच लिस्टिंग बदललं. आता तिथे लिहिलंय 'पाउब्रासिलिया ब्रासिलिएन्सिस'. या नावाचं झाडच नाही. परत मेल केलाय, तोपर्यंत तीन स्टार.