पहिली शिकार: नवख्याला लपणात बसवावं की पायी फिरवावं?

शिकार कायदेशीर आहे अशा ठिकाणी तुम्ही आहात, परवाना हातात आहे, निशाण्याचा सरावही झालाय. आता प्रश्न एवढाच, की नवख्याला लपणात, म्हणजे दबा धरून बसायच्या आडोशात, शेजारी बसवायचं की माग काढत पायी न्यायचं? हरणासाठी जात असाल तर माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या खेपेला बसवाच.

कारण बंदुकीचं तोंड. लपणात तो हाताच्या अंतरावर असतो. नळी कुठे वळली ते दिसतं, बोट वेळेआधी घोड्यावर गेलं तर हलकेच सांगता येतं. पायी जाताना तो मागे राहिला तर नळी तुमच्या पाठीकडे येऊ शकते, आणि तुमचं लक्ष वाऱ्यात नि झुडपांत गुंतलेलं. म्हणून पायी नेलंच तर त्याला पुढे ठेवा आणि सावज दिसेपर्यंत काडतूस भरू देऊ नका.

दुसरा फरक गोळी झाडण्याचा. बसून बंदुकीला टेकू मिळतो, अंतरं आधीच मोजून ठेवता येतात. हरीण समोरासमोर उभं असेल तर ते आडवं वळेपर्यंत नवख्याला थांबवता येतं. नेम धरायचा पुढच्या खांद्याच्या जरा मागे, जिथे हृदय नि फुप्फुसं आहेत. पायी मात्र बहुतेकदा आपल्याआधी हरणानेच आपल्याला पाहिलेलं असतं. धाप लागलेली, उभ्याने नेम, विचाराला दोन-तीन सेकंद. जनावर जखमी होऊन निसटतं ते अशाच वेळी.

पायी फिरण्यात शिकायला जास्त मिळतं हे खरंच: ठसे, लेंड्या, वाऱ्याला तोंड देऊन चालणं, चार पावलं टाकून थांबणं. बसून अंग आखडतं, कंटाळाही येतो. त्यासाठी बैठक दोन तासांची ठेवा, आणि दुपारी बंदुकीशिवाय माग दाखवायला न्या.

सशासाठी गेलात तर पायीच बरं. २० बोरची छर्ऱ्याची बंदूक द्या (बोर म्हणजे नळीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक), १२ बोरपेक्षा धक्का कमी बसतो. एका वेळी एकच काडतूस. .२२ ची (०.२२ इंच नळीची) रायफल असेल तर सशामागे मातीचा उंचवटा हवाच, ती गोळी दीड किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते.

हरणाला बार लागल्यावर नवखा धावत सुटतो, त्याला धरून ठेवा. ते जागीच पडलं नसेल तर निदान अर्धा तास थांबा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे गोळी फुप्फुसात. हिरवट, वास येणारं काही दिसलं तर पोटात, मग कित्येक तास थांबावं लागतं.

दोन्हीकडे तुम्ही स्वतः बंदूक घेऊ नका. आणि ऐनवेळी तो म्हणाला, "मला नाही जमणार," तर काडतूस काढून घ्या, पाठीवर हात ठेवा, कारण विचारू नका. लपणात हे म्हणणं त्याला सोपं जातं, मी बसवा म्हणतो त्यामागे हेही एक कारण आहे.