टेबल उलटं करून बघितलंच नाही

चवथीला घर भरतं, म्हणून गेल्या वर्षी जुलैत म्हापशाच्या एका फर्निचरवाल्याकडून सहा जणांचं जेवणाचं टेबल घेतलं. "सागवान आहे बाब, एकदम सीझन केलेलं, नीट सुकवलेलं. तुमचे नातू जेवतील ह्याच्यावर." ३८ हजार मोजले. बिलावर काय? 'टेबल, १ नग'. लाकडाचं नावसुद्धा नाही, आणि ते मी वाचलं घरी आल्यावर.

एप्रिलात जेवणाच्या खोलीतला एसी सुरू झाला. एका रात्री फट्ट आवाज. वाटलं, बाहेर नारळ पडला. सकाळी बघतो तर वरच्या फळीला मधोमध भेग, रुपया उभा आत जाईल एवढी. दुकानदार म्हणाला, "लाकूड ते, फुटायचंच. एसी लावायला कुणी सांगितलेलं?"

आमच्या वाड्यावरचे म्हातारे मेस्त, म्हणजे सुतार, आले. भेगेकडे बघितलंही नाही, टेबल उलटं करायला लावलं. खाली तीन आडव्या पट्ट्या, फेविकॉलनं चिकटवून वर पाच-पाच स्क्रू ठोकलेले, भोकं स्क्रूच्या मापाचीच. "जागाच ठेवली नाही हो हलायला."

लाकूड लांबीला जवळजवळ बदलत नाही. रुंदीला मात्र दमट हवेत फुगतं नि एसीच्या कोरड्या हवेत सुकलं की आकसतं. ओल १८ टक्क्यांवरून १० वर आली, तर तीन फुटी सागाची फळीसुद्धा अर्ध्या इंचापर्यंत आकसू शकते. आणि साग हे कमी हलणाऱ्यांतलं! माझं साग होतं की नाही कोण जाणे. मेस्तांनी खालून रंधा मारून वास घेतला आणि नुसते हसले.

जुन्या घराच्या दारांतल्या फळ्या चौकटीच्या खाचेत सैल असतात, वाऱ्यानं खडखडतात. ते ढिलं काम, असं मी आजवर समजत आलो.

तेव्हा घेताना टेबलाखाली वाका. स्क्रूंची भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेनं लांबट हवीत, नाहीतर खाचेत सरकणारे लाकडी गुटके हवेत. आडव्या पट्टीला आख्ख्या लांबीभर गोंद दिसला तर उठून चालू लागा. ओल मोजायचं यंत्र समोर टेकवायला सांगा. लाकडाचं नाव आणि तो आकडा बिलावर लिहून घ्या.

पैसे परत मिळाले नाहीत. मेस्तांनी पट्ट्या काढल्या, भेग जोडली, भोकं लांबट केली. ह्या पावसात फळी सात मिलिमीटर रुंद झालीय. मी दर रविवारी मोजतो.