डेटा सायन्सचे विद्यापीठातले सेमिनार : सात महिन्यांनंतरचा अनुभव

तिसऱ्या आठवड्यातल्या वक्त्याने सगळ्यांसमोर लॅपटॉपवर एक खोटा डेटा तयार केला. ५० नमुने, प्रत्येकाचे ५,००० गुणधर्म, सगळे आकडे यादृच्छिक. लेबलं, म्हणजे मॉडेलने ओळखायची उत्तरं, तीही तशीच, अर्धी ० आणि अर्धी १. कशाचा कशाशी संबंध नाही, म्हणजे कुठलंही मॉडेल लावा, निम्मी उत्तरं चुकायलाच हवीत. मग त्याने लेबलांशी सगळ्यात जास्त जुळणारे १०० गुणधर्म निवडले आणि तेवढ्यांवर क्रॉस-व्हॅलिडेशन चालवलं, म्हणजे दर फेरीला डेटाचा एक भाग बाजूला ठेवून बाकीच्यावर मॉडेल शिकवायचं आणि त्या भागावर तपासायचं. चूक आली ३ टक्क्यांच्या आसपास! गुणधर्म निवडतानाच सगळी लेबलं बघून झाली होती, त्यामुळे नंतर तपासणीसाठी भाग वेगळा ठेवला काय किंवा न ठेवला काय, सारखंच. हीच निवड प्रत्येक फेरीत फक्त ट्रेनिंगच्या भागावर केल्यावर चूक परत ५० टक्क्यांवर गेली.

उदाहरण जुनं आहे, पाठ्यपुस्तकात सापडतं. पण मी नोकरीत तीन वर्षं नेमक्या याच चुकीच्या क्रमाने काम करत होते आणि कुठल्याही ऑनलाइन कोर्सने मला त्यावर थांबवलं नव्हतं. त्या दिवशी ठरवलं, हे सेमिनार सोडायचे नाहीत.

आता थोडी माहिती. मी विद्यार्थिनी नाही. एका विद्यापीठाच्या संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्र विभागांचा आठवड्यातून एकदा होणारा हा सेमिनार बाहेरच्यांनाही खुला आहे. साधारण पाऊण तास व्याख्यान, मग प्रश्न. फी नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्रही नाही. प्रत्यक्ष जाता येतं, ऑनलाइनही ऐकता येतं. मी दोन्ही केलं, आणि जमेल तेव्हा प्रत्यक्ष जावं असंच सांगेन, कारण व्याख्यान संपल्यावर फळ्यापाशी जो घोळका जमतो तो पडद्यावर दिसत नाही. खरी शिकवणी बरेचदा तिथेच होते.

पहिले चार-पाच आठवडे जड गेले. गोषवारा वाचूनही विषय कळत नसे, विसाव्या मिनिटाला धागा सुटायचा. हळूहळू लक्षात आलं की व्याख्यानाची सुरुवात सगळ्यांसाठी असते, मधला भाग त्या क्षेत्रातल्यांसाठी आणि शेवटचा बहुधा वक्त्याच्या दोन-चार सहकाऱ्यांसाठी. मधली सिद्धता निसटली तरी वाईट वाटून घ्यायचं नाही. आदल्या संध्याकाळी वक्त्याच्या पेपरची फक्त प्रस्तावना आणि आकृत्या बघून गेलं की ऐकण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. सदिश, मॅट्रिक्स आणि संभाव्यता यांची ओळख मात्र हवीच. ती नसेल तर आधी तिकडे वेळ द्या, सेमिनार कुठे पळून जात नाहीत.

सगळ्यात जास्त मिळालं ते प्रश्नोत्तरांतून. एका सत्रात ॲडम या ऑप्टिमायझरवर, म्हणजे मॉडेलमधले आकडे पावलापावलाने सुधारत नेणाऱ्या पद्धतीवर, चर्चा होती. न्यूरल नेटवर्क (थरांवर थर जोडून बनलेलं मॉडेल) शिकवताना आपण सगळेच तो डोळे झाकून वापरतो. पद्धत २०१४ मध्ये मांडली गेली, सोबत ती योग्य उत्तराकडे जाते याची सिद्धताही होती. २०१८ मध्ये तीन संशोधकांनी त्या सिद्धतेतली चूक दाखवली. ग्रेडियंट म्हणजे चूक कुठल्या दिशेने आणि किती वेगाने बदलते ते सांगणारा आकडा; ॲडम त्याच्या वर्गांची (स्क्वेअरची) चालती सरासरी ठेवतो. एखादा मोठा, महत्त्वाचा ग्रेडियंट क्वचितच येत असेल तर ही सरासरी त्याला लवकर विसरते, आणि जिथे पाऊल आखडायला हवं तिथे ते मोठं पडतं. एकाच चलाच्या अगदी सोप्या प्रश्नातही तो चुकीच्या टोकाला जाऊन बसतो, हे प्राध्यापकांनी फळ्यावर करून दाखवलं. मग एका विद्यार्थिनीने विचारलं, "तरी रोजच्या कामात तो इतका चांगला का चालतो?" यावर अर्धा तास बोलणं झालं आणि शेवटी प्राध्यापक म्हणाले की याचं पूर्ण उत्तर त्यांच्याकडे नाही. शिकवणाऱ्या माणसाने सगळ्यांदेखत असं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं.

आरोग्याच्या डेटावरचं एक सत्र तर मी कधीच विसरणार नाही. न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कोणाला मृत्यूचा धोका जास्त आहे, हे ओळखणाऱ्या मॉडेलांचं उदाहरण तिथे होतं. २०१५ च्या एका प्रसिद्ध पेपरमुळे ते या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. मॉडेल शिकलं की दमा असलेल्या रुग्णाला धोका कमी! डेटात ते खरंच तसं होतं. कारण दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की डॉक्टर त्याला थेट अतिदक्षता विभागात हलवत आणि जास्त काळजी घेत, म्हणून ते वाचत. मॉडेलच्या भरवशावर त्यांनाच घरी पाठवलं असतं तर? वक्तीने पुढे जे सांगितलं ते महत्त्वाचं आहे. हा नियम सापडला तो वाचता येईल अशा मॉडेलमुळे. त्याच डेटावर शिकलेल्या न्यूरल नेटवर्कची अचूकता जास्त होती, पण आत काय दडलंय ते दिसत नव्हतं, म्हणून ते रुग्णांवर वापरलं गेलं नाही. अचूकतेच्या आकड्यापेक्षा डेटा कसा जमला हे आधी विचारायचं, हे मी त्या दिवसापासून करते.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. बेंचमार्कचे, म्हणजे ठरावीक डेटावर पद्धतींची तुलना करणारे, तक्ते फार. "आमची पद्धत अर्ध्या टक्क्याने पुढे" असं सांगितलं जातं, पण वेगवेगळ्या यादृच्छिक सुरुवातींनी तोच प्रयोग पुन्हा केला तर आकडा किती हलतो, हे पाच-सहा वक्त्यांनीच दाखवलं असेल. तो हलण्याचा पल्ला त्या अर्ध्या टक्क्यापेक्षा मोठा असेल तर तुलनेला काय अर्थ आहे? शिवाय विषयांचा तोल बिघडला आहे. २०१७ मध्ये ट्रान्सफॉर्मर ही न्यूरल नेटवर्कची नवी रचना आली, त्यातून भाषिक मॉडेलं वाढली, आणि आता निम्म्याहून अधिक सत्रं त्यांचीच. विषय मोठा आहे, मान्य. पण नमुना कसा निवडावा, गहाळ नोंदींचं काय करावं, यावर सात महिन्यांत दोनच व्याख्यानं झाली. रोजच्या कामात माझ्यासारख्यांचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

ऑनलाइन ऐकणाऱ्यांचे हाल वेगळेच. सभागृहातला प्रश्न ऐकू येत नाही आणि वक्ता तो पुन्हा न सांगताच उत्तर देतो. अप्रकाशित काम असेल तर रेकॉर्डिंगही मिळत नाही. एकदा नव्याने आलेल्या एका मुलाने रेग्युलरायझेशन (मॉडेलने डेटा नुसता पाठ करू नये म्हणून त्याला घालायचा लगाम) म्हणजे काय असं विचारलं, तेव्हा वक्त्याने "हे पहिल्या वर्षाचं आहे" म्हणून त्याला बसवलं. तो मुलगा मला पुन्हा दिसला नाही. अशा वेळी संचालन करणाऱ्याने दोन वाक्यांत तरी उत्तर द्यायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.

कोर्स की सेमिनार, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. पायथन किंवा पहिलं मॉडेल शिकायचं असेल तर कोर्सच घ्या. तिथे डेटा साफ करून हातात देतात आणि उत्तरही ठरलेलं असतं. सेमिनारमध्ये बसायचं ते काम करताना अडायला लागल्यावर. काय फसलं आणि का फसलं, हे त्याच माणसाच्या तोंडून तिथे ऐकायला मिळतं.

मागच्या महिन्यात आमच्या टीमचं एक मॉडेल संशय यावा इतकं चांगलं चालत होतं. कोणता ग्राहक सेवा सोडून जाईल ते ओळखायचं होतं. मी एकेका स्तंभापुढे तो आकडा नेमका कधी नोंदवला जातो ते लिहीत गेले. त्यातला एक स्तंभ ग्राहक गेल्यानंतर भरला जात होता. तो काढल्यावर अचूकता बरीच घसरली आणि आठवडाभर सगळे नाराज होते. आता ती यादी आमच्या प्रत्येक प्रकल्पात पहिल्याच दिवशी तयार होते, आणि टीममधले दोघं दर आठवड्याला माझ्याबरोबर सेमिनारला येतात.