आंबा घाटातलं रिसॉर्ट की दाजीपूरचं जंगल?

शेजारच्या वहिनी विचारत होत्या, पोरांना निसर्ग शिकवायला कोल्हापूर जिल्ह्यात कुठं न्यावं?

खर्चात दाजीपूर स्वस्त. रिसॉर्टच्या पॅकेजात खोली, जेवण, फेरी एकत्र, म्हणून आकडा फुगतो. दगदग मात्र आंब्याला कमी.

खरा फरक शिकण्यात. रिसॉर्टवर छोटी फेरी, पानं ओळखणं, रात्री बेडूक-किडे बघणं. पाच-सहा वर्षांच्या पोरांना एवढं पुष्कळ. दाजीपूर 1958 पासून गव्यांसाठी राखलेलं. गावातला वाटाड्या चिखलात उमटलेला गव्याचा खूर दाखवतो, शेण ताजं की जुनं ते सांगतो. पोरं आपोआप गप्प होऊन कान देतात, हे मला फार मोलाचं वाटतं. पावसाळ्यात अभयारण्य बंद, तेव्हा आंबाच.

कडेवरचं मूल किंवा आजी सोबत असतील तर रिसॉर्ट घ्या. दहाच्या पुढची, चालणारी पोरं असतील तर दाजीपूर, तेही हिवाळ्यात.