रडार स्कोपचा बोर्ड: डाँकी काँगच्या खोक्यात की जामा कॅबिनेटात?

निन्टेंडोचा रडार स्कोप हा आर्केड खेळ (नाणं टाकून खेळायचं यंत्र) अमेरिकेत चालला नाही. आलेल्या ३,००० पैकी सुमारे २,००० यंत्रं पडून राहिली आणि १९८१ मध्ये त्यांचंच डाँकी काँग या दुसऱ्या खेळाचं यंत्र करण्यात आलं. म्हणून रडार स्कोपचा मूळ बोर्ड, म्हणजे खेळ चालवणारी सर्किटची पाटी, आज दुर्मीळ. तो हाती लागलाच, तर बसवायचा कुठे?

डाँकी काँगचं कॅबिनेट म्हणजे जवळजवळ माहेरच. सुरुवातीची लाल कॅबिनेटं तर मुळात रडार स्कोपचीच. पडदा उभाच असतो, आणि एक जॉयस्टिक, एक बटण एवढ्यात खेळ भागतो. खरी गंमत सॅनियोच्या मॉनिटरची: निन्टेंडोचे हे बोर्ड रंगांचा सिग्नल उलटा पाठवतात आणि हा मॉनिटर तसाच स्वीकारतो. आवाजाचा अँप्लिफायरही मॉनिटरवरच बसवलेला. अडचण वयाची आहे. चाळिशी ओलांडलेली ट्यूब आणि कपॅसिटर कधी मान टाकतील, भरवसा नाही. शिवाय धडधाकट डाँकी काँग मोडून हे करायला माझा तरी हात धजणार नाही.

जामा हे आर्केड बोर्ड आणि कॅबिनेट जोडण्याचं १९८५ चं प्रमाण, ५६ पिनांचा कनेक्टर. असं कॅबिनेट मिळायला सोपं. पण अडॅप्टर, सिग्नल सुलटा करणारं सर्किट आणि वेगळा अँप्लिफायर लागतो. मॉनिटर आडवा असेल तर तो फिरवायचा, नाहीतर मान वाकडी करून खेळायचं!

मी जामा निवडेन. फक्त बोर्डाची एकही मूळ वायर कापायची नाही.