ओढ्याच्या पाण्यातलं औषध : शेवाळ की कोळसा?

आमच्याकडं कीटकनाशकाला सरळ 'औषध' म्हणतात. फवारलेलं औषध पावसाबरोबर चरीतून ओढ्यात आणि ओढ्यातून पंचगंगेत जातं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर-शिरोळकडच्या एखाद्या गावानं हे निचऱ्याचं पाणी अडवून साफ करायचं ठरवलं, तर सूक्ष्म शेवाळाचा तलाव करावा की सक्रिय कोळशाचा (अॅक्टिव्हेटेड कार्बनचा) फिल्टर बसवावा?

आधी शेवाळ. क्लोरेला, सीनडेस्मस ही नुसत्या डोळ्यांना न दिसणारी शेवाळं. सांडपाण्यानं हिरवागार झालेला रंकाळा तलाव आपण पाहिलाय. तसली आपोआप माजलेली हिरवळ इथं उपयोगाची नाही. फूटभर खोल तलावात मुद्दाम वाढवलेलं शेवाळ चाकानं फिरतं ठेवावं लागतं. काही औषध त्याच्या पेशींना चिकटतं, काही आत जाऊन फुटतं, म्हणजे त्याचं विघटन होतं. शिवाय उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळं सामू (पीएच) चढतो आणि मॅलॅथिऑनसारखी औषधं अशा पाण्यात लवकर फुटतात. वर ते नायट्रेट आणि फॉस्फेटही खातं. उसाला युरियाची पोती रिकामी करणाऱ्या आपल्या भागात हा फायदा मला फार मोठा वाटतो, कारण केंदाळ (जलपर्णी) त्याच खतावर माजतं. कोळशाला हे जमत नाही.

पण खरी अडचण उसाचीच आहे. लागणीनंतर आपण अॅट्राझिन, मेट्रिब्युझिन मारतो. ही तणनाशकं वनस्पतीचं प्रकाशसंश्लेषणच बंद पाडतात आणि शेवाळही त्याच क्रियेवर जगतं. पाण्यात त्यांचं प्रमाण वाढलं की साफ करणाराच आधी आजारी पडतो. त्यात आडसाली लागण जुलै-ऑगस्टची. औषध वाहून येतं तेव्हाच आपल्याकडं आठ-आठ दिवस ऊन नसतं. मी गच्चीवर विहिरीचं पाणी बरणीत ठेवून पाहिलं. मार्चमध्ये आठवड्याभरात ते पोपटी झालं. जुलैत तीच बरणी ठेवली, तर हिरवा गाळ तळाला बसला आणि हलवल्यावर कुजका वास आला.

कोळशाला ऊनपावसाचं काही नाही. करवंटीच्या सक्रिय कोळशाच्या बारीक छिद्रांत अॅट्राझिनसुद्धा चांगलं अडकतं आणि जागाही थोडी लागते. मात्र गढूळ पाणी सरळ सोडलं तर छिद्रं बुजतात, म्हणून आधी वाळूचा फिल्टर हवाच. कोळशाची छिद्रं औषधानं भरली तरी बाहेरून काहीच कळत नाही. पाणी तपासूनच तो बदलावा लागतो. खर्च तिथंच वाढतो.

दोन्हींकडं उरलेल्या मालाचा प्रश्न आहे. औषध शोषलेलं शेवाळ जनावरांना घालू नका, खत म्हणून शेतात टाकू नका. वापरलेला कोळसाही बांधावर ओतू नका.

पिण्याच्या पाण्यासाठी मी शेवाळाचा विचारही करणार नाही. भारतीय मानकात अॅट्राझिनची मर्यादा लिटरमागं 2 मायक्रोग्रॅम आहे; तिथं कोळसाच हवा. उकळून किंवा तुरटी फिरवून यावर भरवसा ठेवू नका.

निचऱ्याच्या पाण्याला मात्र भाजीपाल्याचं शिवार, मोकळी जागा आणि दिवाळी ते मे एवढा काळ असेल, तर शेवाळाचा तलाव जरूर करावा. सलग ऊसच असेल तर त्यात पैसे घालू नयेत. कुठलंही काम काढण्याआधी ओढ्याच्या पाण्याचे दोन नमुने तपासून घ्या, एक जुलैतला आणि एक फेब्रुवारीतला. आणि फवारणीचा पंप ओढ्यात धुणं आजपासूनच थांबवा.