रशियन बास ऐकायला सुरुवात कोणापासून करावी: शाल्यापिन, रेयझेन की नेस्तेरेन्को?

बास म्हणजे ऑपेरातला पुरुषांचा सगळ्यात खालचा, खर्जातला आवाज. रशियन बास ऐकायचा म्हटलं की जो तो फ्योदोर शाल्यापिनचं नाव घेतो. नाव मोठंच आहे, पण पहिल्या बैठकीला शाल्यापिन लावू नका, असं माझं मत आहे. सुरुवात मार्क रेयझेनपासून करा. अख्खा ऑपेरा डोळ्यांनी पाहायचा असेल तर येव्गेनी नेस्तेरेन्को घ्या. शाल्यापिन त्यानंतर.

तिघांना एकाच भूमिकेत ऐकलं की फरक लगेच कळतो. ती भूमिका म्हणजे रशियन संगीतकार मुसोर्गस्कीच्या ‘बोरिस गोदुनोव’मधला झार. हा ऑपेरा 1874 साली पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की थिएटरात पहिल्यांदा रंगमंचावर आला. एका बालराजपुत्राच्या खुनाचं पाप डोक्यावर घेऊन गादीवर बसलेला राजा आतून खचत जातो आणि दरबारातच प्राण सोडतो. नुसत्या दमदार आवाजावर हे काम निभत नाही.

ही भूमिका जगभर नेली शाल्यापिननेच. 1873 साली कझानमध्ये गरिबीत जन्म, शिक्षण जेमतेम. तिफ्लिसमध्ये (आजचं त्बिलिसी) उसातोव नावाच्या गुरूने त्याला पैसे न घेता शिकवलं. 1896 मध्ये तो मॉस्कोत सावा मामोंतोवच्या खासगी ऑपेरात आला आणि तिथे तरुण संगीतकार रखमानिनोवसोबत बसून त्याने बोरिसची भूमिका बसवली. 1901 मध्ये मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनीच्या हाताखाली बोइतोचा ‘मेफिस्तोफेले’ हा ऑपेरा, 1908 मध्ये रशियन कलानिर्माता दियागिलेवबरोबर पॅरिसमध्ये बोरिस. 1922 मध्ये त्याने रशिया सोडली, 1927 मध्ये सोव्हिएत सरकारने त्याची ‘लोककलावंत’ ही पदवी काढून घेतली, आणि 1938 मध्ये तो पॅरिसमध्ये वारला. त्याच्या अस्थी मॉस्कोला पोहोचायला 1984 साल उजाडलं. ज्याच्या गळ्यातून अर्ध्या जगाने रशिया ऐकली, त्याच्याच वाट्याला हे यावं याचं मला आजही वाईट वाटतं.

मग तो आधी का नको? एक कारण तांत्रिक. त्याच्या ऐन उमेदीतल्या बऱ्याच तबकड्या 1925 च्या आधीच्या, म्हणजे मायक्रोफोन येण्यापूर्वीच्या. गायक कर्ण्यात तोंड घालून गायचा आणि त्या यंत्रणेत खालच्या स्वरांचा भरणा हरवायचा. बासचा प्राणच तिथे असतो, त्यामुळे नव्या कानाला हा आवाज बारीक वाटतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. शाल्यापिन आधी नट होता. 1928 साली लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये चालू प्रयोगात मुद्रित झालेला बोरिसचा मृत्यू ऐका. मुलाला निरोप देताना आवाज इतका मऊ होतो की हाच का तो झार, असा प्रश्न पडावा. मग घंटा वाजू लागतात, बाहेरून प्रार्थनेचं समूहगान येतं, आणि ‘अजून मी झार आहे!’ ही ओळ तो गातो की ओरडतो हे सांगता येत नाही. तालाशी तो मनाला येईल तसा वागतो, शब्द ओढतो, श्वासाचासुद्धा अभिनय करतो. त्याला ते शोभतं. पण पहिल्यांदा हेच ऐकलं तर रशियन बास म्हणजे हुंदके आणि आरोळ्या असा समज होतो, आणि तो पुसायला वेळ लागतो. पुढच्या कितीतरी गायकांनी त्याची ही ढब उचलली, मागचा विचार मात्र त्यांना उचलता आला नाही.

रेयझेन याच्या अगदी उलट. जन्म 1895 चा, 1921 मध्ये खार्किवला रंगमंचावर पदार्पण, 1930 ते 1954 मॉस्कोचं बोल्शॉय थिएटर. खालच्या स्वरापासून वरच्यापर्यंत आवाज एकसंध, कुठे सांधा दिसत नाही. वाद्यवृंद-संचालक निकोलाय गोलोवानोवच्या 1948 च्या ध्वनिमुद्रणात त्याचा बोरिस ऐका: दुःख स्वरातूनच येतं, बाहेरून काही लावावं लागत नाही. मुसोर्गस्कीच्याच ‘खोवान्श्चिना’ ऑपेरातला त्याचा धर्मगुरू दोसिफेई तर मला बोरिसपेक्षाही वरचढ वाटतो. आणि चायकोव्हस्कीच्या ‘येव्गेनी अनेगिन’मधलं ग्रेमिनचं गाणं! प्रेमापुढे सगळी वयं नमतात, असं म्हणणाऱ्या उतारवयातल्या सरदाराचं हे गाणं शेवटी खालच्या कोमल ‘जी’वर येऊन टेकतं. बरेच गायक तिथे नुसते कसेबसे पोहोचतात. रेयझेनने हे गाणं 1985 मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, बोल्शॉयच्या रंगमंचावर गायलं. वयाचं कौतुक बाजूला ठेवून ऐका, तरी पट्टी आणि श्वास दोन्ही जागेवर आहेत. मराठी कानाला, ज्याला आधी सूर हवा असतो, हा माणूस पहिल्या पाच मिनिटांत जिंकतो.

नेस्तेरेन्को सगळ्यात सोयीचा, कारण त्याचं काम नीट चित्रित झालेलं आहे. 1938 चा मॉस्कोचा जन्म, आधी बांधकामाचा इंजिनियर, मग लेनिनग्राडच्या कॉन्झर्व्हेटरीत शिक्षण, 1970 मध्ये चायकोव्हस्की स्पर्धेत पहिलं बक्षीस आणि पुढच्या वर्षीपासून बोल्शॉय. बोल्शॉयच्या 1978 च्या चित्रित ‘बोरिस’मध्ये तो आहे. उपशीर्षकं लावून बघा, राज्याभिषेकाचा भव्यपणा फक्त कानांनी कळत नाही. रेयझेनची मखमल त्याच्याकडे नाही, शाल्यापिनचा स्फोटही नाही. शब्द मात्र तिघांत त्याचे सर्वांत स्पष्ट. संगीतकार शोस्ताकोविचने मायकेलअँजेलोच्या कवितांवरची आपली गीतमाला 1974 मध्ये पहिल्यांदा त्याच्याच आवाजात ऐकवली. त्या कोरड्या, कडक रचनांना असाच नेमका उच्चार हवा होता. 2021 मध्ये व्हिएन्नात त्याचं निधन झालं.

पैसे किंवा वेळ एकावरच खर्च करायचा असेल तर गोलोवानोवचा 1948 चा ‘बोरिस’ घ्या. त्यात साध्याभोळ्या वेड्याच्या भूमिकेत टेनर (पुरुषांचा उंच आवाज) इवान कोझलोव्हस्की आहे, तोही चुकवू नये असा. घेताना नीट बघा, कारण त्याच मुद्रणाच्या दुसऱ्या आवृत्तीत बोरिस अलेक्सांद्र पिरोगोव गातो. मुद्रण जुनं आहे, थोडी खरखर आहे, तेवढी सोसावी लागेल. आणखी एक लक्षात असू द्या: तिघेही संगीतकार रिम्स्की-कोर्साकोवने सजवलेली आवृत्ती गातात. मुसोर्गस्कीचं स्वतःचं, जास्त ओबडधोबड आणि काळोखं वाद्यवृंदलेखन हवं असेल तर रशियाबाहेर जावं लागेल, फिनलंडचा बास गायक मार्टी टालवेलाकडे. येर्झी सेमकोवच्या दिग्दर्शनाखालचं ते ध्वनिमुद्रण 1976 चं आहे.